लार्चच्या सुईइतकी जागा

बंदुका करणाऱ्यांच्या फेर्लाख गावात दिवस उजाडतो तो कानशीच्या आवाजाने. चर्चची घंटा त्यानंतर वाजते, गायी त्याहीनंतर हंबरतात. त्याआधीच ओढ्याकाठच्या गल्लीत कुणाच्या तरी खिडकीमागे पोलादावर कानस फिरायला लागलेली असते. इथे जन्मलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून हात ओळखता येतो. हा खालच्या आळीतला नळ्या करणारा. ही पोलादावर हरणं कोरणारी विधवा. हा थाडेउस, दस्त्याचं लाकूड तासता तासता मध्येच थांबून शिंकणारा. आणि ज्या खिडकीतून काहीच ऐकू येत नसे, तिथे प्रीमुस ओग्रिस कामाला बसलेला असे.

प्रीमुसच्या हाताला आवाज नव्हता. कानस पोलादाला घासते आहे की कुरवाळते आहे, असा प्रश्न पडावा इतकी ती हलकी फिरे. तो पेट्या करी. बंदुकीची नळी एक जण करतो, दस्ता दुसरा, चाप-घोडा तिसरा. या सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारी पोलादाची पेटी हे प्रीमुसचं काम. त्यातही डोंगरात न्यायची, एका नळीची, एका गोळीची हलकी रायफल त्याच्या हातची. नळी बिजागरीवर खाली झुकवायची, मागून काडतूस सारायचं, नळी वर उचलायची, की ती पेटीत बसते आणि खिट्टी लागते. सांगायला एवढंच. पण ते बसणं म्हणजे काय, हे शिकण्यात प्रीमुसची ज्वानी गेली होती.

शिकवलं बापाने. रॉकेलचा दिवा लावायचा, वात मुद्दाम मोठी करायची, नळीचा बुडखा त्या धुरावर धरून काळा करायचा. मग नळी पेटीत बसवायची आणि उघडायची. जिथे काजळी लागली तिथे पोलाद उंच. तेवढंच पुसटसं कानशीने काढायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसवणं, पुन्हा कानस. आठवडे जात. शेवटी एक दिवस असा येई की पेटी आतून बाहेरून एकसारखी काळी उमटे, जणू दोन वस्तू नव्हत्याच कधी. मग बाप सिगारेटचा पातळ कागद त्या फटीत घालून बघे. कागद गेला तर पोराच्या पाठीत धपाटा. नाही गेला तर बाप त्याच कागदात तंबाखू गुंडाळून ओढायला बसे, आणि एवढंच काय ते कौतुक.

बाप गेला, तरी कागद राहिला. प्रीमुस स्वतः सिगारेट ओढत नसे, पण कागदाची पुडी त्याच्या खिशात कायम. वुटे मास्टरांच्या कारखान्यातून जहागीरदारांच्या, गिरणीमालकांच्या बंदुका जात, त्यांच्यावर वुटेंचं नाव सोन्यात कोरलेलं असे. प्रीमुसचं नाव कुठेच नसे. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. कागद जात नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि वुटेंना ठाऊक होतं. एकदा त्याचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. का मोडलं हे त्याने सांगितलं नाही. गावाने विचारलं नाही असं मात्र नाही.

कारावांकेन डोंगररांगेचे कडे त्याच्या खिडकीत उभे होते. सकाळी निळे, दुपारी पांढरे, संध्याकाळी गाजरासारखे. त्या कड्यांसाठी त्याने आयुष्यभर बंदुका केल्या आणि ते कडे आयुष्यभर खालूनच पाहिले.

त्याची धाकटी बहीण पोलोना त्याच डोंगराच्या कुशीत, वरच्या खोऱ्यात दिलेली. तिचा नवरा उर्बान जहागिरीच्या रानाचा रखवालदार होता. कुठला गाम्स, म्हणजे कड्यांवरचा रानबोकड, म्हातारा, कुठली मादी वांझ, कुठल्या कड्यावर कोण जन्मलं, हे त्याला आपल्या घरच्या माणसांसारखं पाठ. राहायला जहागिरीचंच घर. नोकरी तोवर घर. दर रविवारी प्रीमुस मोटारीने खोऱ्याच्या तोंडापर्यंत जाई, उरलेलं चालत जाई, बहिणीच्या हातचं जेवी आणि उर्बानशी भांडून परत येई. दोघांनाही ते भांडण आवडत असे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी तो गेला, तेव्हा पोलोना चुलीवर मक्याच्या पिठाचा सांजा, इथला श्टेर्त्स, परतत होती आणि उर्बान खिडकीशी बसून होता.

“काय रे, एवढं ऊन असताना घरात?” प्रीमुस म्हणाला. “तुझ्या बोकडांनी तुला टाकलं काय?”

“ते वर आहेत. मी खाली आहे,” उर्बान म्हणाला, आणि पुढे भांडला नाही. प्रीमुसने टोपी काढून खुंटीला लावली आणि बाकावर बसून बहिणीकडे पाहिलं.

“कारभारी येऊन गेला,” पोलोना कालथा न थांबवता म्हणाली. “वरच्या कड्यावर एक बोकड आहे, खरजेने सडलेला. नोव्हेंबरात माज आला की तो कळपात उतरेल आणि सगळ्या माद्यांना खरूज देईल. कारभारी म्हणतो, त्याआधी तो पडला पाहिजे. उर्बानला झेपत नसेल, तर वसंतात नवा माणूस ठेवू.”

“आणि नवा माणूस राहणार कुठे?”

“तू बसलायस तिथे.”

गेल्या हिवाळ्यात ओंडके उतरवताना एक ओंडका उर्बानच्या डाव्या खांद्यावर आला होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. हात छातीच्या वर जात नव्हता. जुनी जड बंदूक त्या खांद्यावर टाकली की हाड ओरडे. उजव्यावर टाकली की काठी धरायला हात उरत नसे, आणि काठीशिवाय त्या कड्यावर शेळीसुद्धा जात नाही असं उर्बान म्हणे.

“तुझ्या त्या लाडक्या तोफेचं वजन किती?” प्रीमुसने विचारलं.

“तुला काय करायचंय? तुला थोडीच उचलायचीय.”

“वुटेंकडे सरदार लोकांच्या बंदुका होतात ना, त्या दोन तुकड्यांत निघतात. पाठीवरच्या पिशवीत जातात. दोन्ही हात मोकळे.”

“हो, आणि सरदार लोकांना खाली मोटार असते, वर नोकर असतो. मला ती बंदूक कोण देणार? तू?”

“मीच.”

उर्बान पहिल्यांदा हसला. “प्रीमुस, तू उभ्या आयुष्यात एक अख्खी बंदूक केलेली नाहीस. तू पेटी करतोस. मी काय पेटी फेकून मारू त्याला?”

“जेवा,” पोलोना म्हणाली, आणि तवा मधोमध ठेवला.

त्या आठवड्यात प्रीमुस वुटे मास्टरांसमोर उभा राहिला. टोपी हातात घेतली, पण मान वाकवली नाही. कपाटात एक पेटी पडून होती. शिकाऊ माणसाची कानस घसरून तिच्या कडेजवळ ओरखडा गेला होता. एक नळी होती, मागवणारा मेला म्हणून बसलेली. ती दोन्ही त्याने मागितली. काम सुटल्यावर करीन, असं सांगितलं.

वुटेंनी दाढी खाजवली. “कोणासाठी?”

“मेहुण्यासाठी.”

“चांगली झाली तर माझं नाव घालीन. रखवालदाराच्या हातात असली, म्हणून काय झालं.”

हे वुटेंकडून फार होतं. प्रीमुस मान हलवून बाहेर आला.

अक्रोडाचा दस्ता थाडेउसने दिला. गाठ असलेला तुकडा होता, सरदारांना गाठ चालत नाही. थाडेउसने ती गाठ गालाच्या बाजूला आणली, तिथे ती मांजरीच्या डोळ्यासारखी दिसे. आतून त्याने लाकूड इतकं पोखरलं की उन्हात धरलं तर बोटांची सावली दिसेल, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

“हलकी बंदूक लाथ मारते, ठाऊक आहे ना?” तो म्हणाला. “उर्बानचा दुसरा खांदाही जाईल, मग तुझी बहीण दोघांना भरवत बसेल.”

“एकच गोळी मारायचीय.”

“हां, मग एकच लाथ.”

बाकीचं प्रीमुसने जुळवलं. चाप एकाकडून, बिजागरीचा खिळा दुसऱ्याकडून; लोक नाही म्हणाले नाहीत. फेर्लाखात बंदूक हा गावाच्या जेवणासारखा प्रकार असतो, प्रत्येक घरातून काहीतरी येतं. पण आजवर प्रीमुस त्या जेवणातला एक पदार्थ करी. आता पंगत त्याची होती. पेटीच्या आतून त्याने पोलाद काढलं, बाहेरून काढलं, आणि जिथे ताकद हवी तिथे कानस नेलीच नाही. ओरखडा कडेच्या गोलाईत विरघळून गेला. मग दिवा लावला, काजळी धरली आणि बापाची रीत सुरू केली.

सप्टेंबर सरता सरता एका सकाळी कागद अडला. प्रीमुसने तो चारी बाजूंनी घालून पाहिला. मग नळी झुकवून पुन्हा वर उचलली. आवाज झाला नाही. खिट्टी लागली तीही नुसती बोटाला कळली. कारखान्यातली माणसं आपापल्या कामाच्या बाकांवरून उठून आली. वुटेंनी बंदूक एका हातात घेऊन वर-खाली केली, हातात काही आहे की नाही बघावं तशी.

“तुझ्या बापाने आज सिगारेट ओढली असती,” ते म्हणाले.

सरकारी चाचणी झाली, ती तिने पास केली. दगडखाणीत निशाण लावून प्रीमुस आणि थाडेउसने दुर्बीण जुळवली. रविवारी ती बंदूक दोन तुकड्यांत, फडक्यात गुंडाळून प्रीमुसने बहिणीच्या टेबलावर ठेवली. उर्बानने ती जोडली, खांद्याला लावली, खिडकीतून कड्याकडे रोखली.

“दस्ता जरा आखूड आहे,” तो म्हणाला.

“तुझी मान लांब आहे.”

पोलोनाने पाठ फिरवून भांडी घासायला घेतली. तिचे खांदे हसत होते की काय, हे प्रीमुसला कळलं नाही.

ऑक्टोबरात लार्च पिवळे झाले. इथलं हे एकच सूचिपर्णी झाड असं, की हिवाळ्याआधी आपल्या सुया टाकून देतं. वाऱ्याचीही गरज लागत नाही. स्वच्छ, थांबलेल्या दिवशीही त्या गळत राहतात, सावकाश, तिरप्या, आणि सगळी वाट सोनेरी भुशाने भरून जाते. त्या दिवसांत एका रविवारी प्रीमुस पोचला तेव्हा बंदूक टेबलावर तशीच टाकलेली होती, फडक्याशिवाय. उर्बान समोर बसला होता.

“मिळाला?” प्रीमुसने विचारलं.

“समोर उभा होता. इथून त्या गोठ्याइतका लांब. कड्याला अंग घासत होता, त्याला माझं भान नव्हतं. मी पिशवीतून काढली, जोडली, काडतूस घातलं.” उर्बान थांबला. “बंद झाली नाही.”

“काय बंद झाली नाही?”

“तुझी बंदूक, दुसरं काय!”

प्रीमुसने बंदूक उचलली, सुटी केली, जोडली, झुकवली, उचलली. खिट्टी लागली. “ही बघ.”

“इथे होते. पोलोनाच्या स्वयंपाकघरात लार्च उगवत नाही.” उर्बानने खिशातून एक सुकलेली, मोडलेली सुई काढून टेबलावर ठेवली. “ही आत पडली होती. खाचेत. एवढीशी. नळी केसाएवढी वर राहिली, खिट्टी लागेना. मी दाबली, आपटली. आवाज झाला. तो गेला.”

“मग फुंकर मारायची!”

“मारली. ओली सुई फुंकरीने उडत नाही.”

“बोटाने काढायची. बंदूक आहे ती, गोठ्याचं फाटक नाही. बंद करण्याआधी पुसायची असते.”

उर्बानने उजवा हात टेबलावर पसरला. बोटं थंडीने सुजलेली, पेरांवर चिरा पडलेल्या. “हे बोट घालून दाखव तुझ्या त्या खाचेत. कागद जात नाही म्हणतोस ना तिथे? आणि डावा तर वर येत नाही. मी दाताने काढू?”

“जहागीरदार वापरतात या बंदुका. आजवर एकाची तक्रार नाही.”

“त्यांची बंदूक जोडून हातात देणारा मी असतो, गाढवा! फडकं घेऊन, दोन्ही हातांनी! गेली कित्येक वर्षं!”

चुलीवर दूध उतू गेलं. पोलोनाने ते बाजूला केलं, राख टाकली आणि म्हणाली, “आवाज खाली. शेजाऱ्यांना वाटेल आम्ही आताच घर सोडून निघालो.”

प्रीमुस जेवला नाही. दाराशी जाऊन उभा राहिला, परत आला. “उद्या कारखान्याला सुट्टी आहे. मला वर ने,” तो म्हणाला.

“तुला?”

“मला बघायचंय.”

“त्या बुटांनी तू कुंपणापर्यंत जाशील.”

मग उर्बानचे जुने बूट आले, पुढे गवत कोंबलं. सकाळी दोघं निघाले. उर्बान पुढे, काठी टेकत, न थांबता; प्रीमुस मागे, प्रत्येक वळणावर उभा राहून, कुत्र्यासारखा धापा टाकत. खाली फेर्लाखच्या चिमण्यांचा धूर दिसत होता. त्यातली आपली खिडकी कुठली, हे त्याला शोधूनही सापडलं नाही. इतक्या वर्षांत त्याने डोंगराकडे पाहिलं होतं, डोंगरावरून काय दिसतं हे कुणाला विचारलं नव्हतं.

लार्चचं रान संपतं तिथे एक सपाट खडक आहे. उर्बान त्यावर पालथा पडला आणि त्याला खूण केली. समोरच्या घळीपलीकडे, दुर्बिणीत, तो उभा होता. आकड्यासारखी शिंगं, मान ताठ, म्हाताऱ्या राजासारखा. पण पाठीवर आणि कुशीवर केस नव्हते. राखाडी, भेगा पडलेली साल होती नुसती. तो एका दगडाला पाठ घासत होता, थांबत होता, पुन्हा घासत होता. तो फार लांब होता, गोळीच्या टप्प्याबाहेर. प्रीमुसने दुर्बीण परत दिली.

“दे इकडे,” तो कुजबुजला. उर्बानने पिशवी सरकवली. प्रीमुसने आपला डावा हात कमरेच्या पट्ट्यात खोचला आणि एका हाताने, गुडघ्याच्या आधाराने बंदूक जोडायला घेतली. बोटं लाकडाची झाली होती. ज्या बोटांनी काजळीचा थर ओळखावा, त्यांना खिट्टी कुठे आहे हेही नीट कळेना. वारा नव्हता. सुया पडत होत्या. त्याच्या बाहीवर, खडकावर, उघड्या पेटीवर. त्याने नळी उचलली. ती वर आली, वर आली, आणि केसाएवढी आधी थांबली.

ते थांबणं त्याला ओळखीचं होतं. तेवढंच पोलाद तो जन्मभर काढत आला होता.

त्याने नळी झुकवली, आत पाहिलं. एक सुई त्याला दिसली, ती निघेना. तेवढ्यात दुसरी पडली. उर्बान त्याच्याकडे बघत नव्हता. कड्याच्या धारेवर नजर लावून बसला होता, एखाद्या पाहुण्याने घरातलं काही फोडलं की यजमान दुसरीकडे बघतो तसा.

दोघं उतरायला लागले. ओढ्याशी आल्यावर उर्बानला राहवेना. “काही बोलशील की नाही?”

“तुझे बूट मोठे होतात,” प्रीमुस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात आपल्या बाकावर बसला, आणि त्या दिवशी त्याची कानस ऐकू आली. थाडेउस लाकूड टाकून आला. काजळी लावलेल्या त्या एकसारख्या काळ्या पेटीत प्रीमुस खोल चर पाडत होता. नळीचा बुडखा जिथे टेकतो ती जागा त्याने राखली, खिट्टी जिथे पकडते ती राखली. बाकी सगळीकडे, जिथे पोलादाला पोलाद शोभेसाठी चिकटलं होतं, तिथे तो जागा करत होता. खाचेचा तळही त्याने उतरता केला आणि खालून उघडा केला, आत पडेल ते घरंगळून बाहेर जावं म्हणून.

“प्रीमुस, उंदराला दार करतोयस काय?” थाडेउस म्हणाला.

“हो.”

“मोठा उंदीर आहे रे.”

दुपारी प्रीमुस ओढ्यावर गेला. ओली वाळू, शेवाळ, कुंपणाच्या लार्चखालच्या सुया असं टोपीत भरून आणलं. हात बादलीतल्या गार पाण्यात बुडवून ठेवले, लाल होईपर्यंत. मग एका हाताने पेटीवर ते सगळं भुरभुरायचं आणि नळी उचलायची. अडली, की बघायचं कुठे, आणि तिथे पुन्हा कानस. माणसं दारात जमून बघू लागली.

“ओग्रिस बंदुकीला मसाला लावतोय,” थाडेउसने जाहीर केलं. “संध्याकाळी तळणार आहे.”

प्रीमुस हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. मातीतून बटाटे काढणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता.

बंदूक पुन्हा चाचणीला जाऊन आली आणि पास झाली, खाणीत गोळी जिथे लागायची तिथेच लागली. मग वुटेंनी ती मागवली. त्यांनी नळी झुकवली, उचलली. या वेळी आवाज झाला; कडीला कडी लागल्याचा, साधा. त्यांनी प्रीमुसच्या खिशाकडे हात केला. प्रीमुसने पुडी काढून दिली. कागद आत गेला, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आला.

“हे काय केलंस?” वुटे हळू म्हणाले. “असली पेटी वीस वर्षांत झाली नव्हती. तिला तू फाटक करून ठेवलंस. माझं नाव यावर जाणार नाही, प्रीमुस.”

“नको.”

“लोक विचारतील, कोणाची आहे.”

“उर्बानची,” प्रीमुस म्हणाला आणि बंदूक फडक्यात गुंडाळू लागला. वुटेंनी खिडकीकडे तोंड केलं.

नोव्हेंबर लागला होता. वरच्या कड्यांवर पहिलं बर्फ बसलं, खाली अजून पिवळं होतं. माज आता कधीही सुरू झाला असता. उर्बान उजाडता निघाला. तो दिवस कामाचा होता, तरी प्रीमुस बहिणीकडे येऊन बसला. वुटेंना त्याने विचारलंही नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

पोलोना कणिक मळत होती. पनीर-बटाट्याचं सारण भरून पुरचुंड्या करायच्या, कडा बोटांनी चुण्या घालत दाबायच्या, हे तिच्या हाताला सवयीचं. आज तिच्या कडा वाकड्या येत होत्या.

“तुला थंडी वाजतेय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग कागद का फाडतोयस?”

प्रीमुसने पाहिलं तर त्याच्या मांडीवर सिगारेटच्या कागदाचे तुकडे पडले होते. त्याने ते गोळा करून चुलीत टाकले.

दुपारी एक गोळी ऐकू आली. कड्यांनी ती एकमेकांकडे दिली, परत घेतली, आणि मग खोरं गप्प झालं. एका नळीच्या बंदुकीचं हे असं असतं. एक आवाज होतो, आणि त्यातून खाली बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही. पोलोनाने हात पुसले आणि पुन्हा पिठात घातले.

“लाथ मात्र मारली असेल त्याला,” प्रीमुस म्हणाला.

“गप्प बस.”

ऊन कड्यामागे गेलं तेव्हा उर्बान कुंपणाशी दिसला. काठी उजव्या हातात, पिशवी पाठीवर. प्रीमुसने आधी त्याच्या टोपीकडे पाहिलं. शिकार झाली की मेलेल्या जनावराच्या तोंडात फर झाडाची डहाळी ठेवायची, शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी डहाळी आपल्या टोपीत खोचून उतरायचं, ही इथली जुनी रीत. टोपी रिकामी होती. प्रीमुस उठला होता, तो परत बाकावर बसला.

उर्बान आत आला, पिशवी उतरवली, बूट काढायला वाकला.

“नाही झाली?” प्रीमुसने विचारलं.

“काय?”

“बंद.”

“झाली की.” उर्बानने एक बूट ओढून काढला. “सुया होत्या, बर्फ होतं, माझ्या बाहीची लोकर होती. कट्कन झाली. त्याने कान फिरवला तेवढा. मग मी मारली. लाथ जबर मारते तुझी बंदूक.”

“मग टोपी?”

“खरजेच्या जनावराची डहाळी मी कधी लावत नाही. त्याच्या तोंडात ठेवली. म्हातारा होता, चांगला बोकड होता एके काळी, त्याच्या बापाला मी ओळखायचो. तिथेच दगडाखाली पुरला, चुना टाकला. कारभाऱ्याला शिंगं दाखवतो उद्या.” दुसरा बूट निघेना. प्रीमुस खाली बसला, त्याने बूट धरला आणि ओढला.

“दस्ता आखूडच आहे,” उर्बान म्हणाला.

“हो. थाडेउसला सांगतो.”

पोलोना दाराजवळच्या खुंटीवरून शाल घेत होती. फळीवरून तिने एक टोपली उतरवली. त्यात लसणाचे गड्डे होते, यंदा तिने ते अजून लावले नव्हते. लसूण इथे थंडीच्या तोंडाशी लावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काढतात.

“अगं, पुरचुंड्या गार होतील,” उर्बान म्हणाला.

“तुम्ही खा. जमीन उद्यापर्यंत गोठेल,” ती म्हणाली, आणि कुदळ घेऊन परसात गेली.